नमुन्याचं लिव्हर

१२ फेब्रुवारी

दादा,

आधीची तीन पत्रं परत आली नाहीत, म्हणजे त्या पत्त्यावर कोणीतरी ती घेतंय. तो तूच आहेस असं धरून चालते. नसलास, तर ज्यांच्या हातात हे पडलं असेल त्यांनी खुशाल वाचावं. भावाबहिणीचं भांडण वाचायला कुणाला आवडत नाही?

मी बरी आहे, आई बरी आहे. आईचे गुडघे बरे नाहीत, पण ते गाऱ्हाणं ती तुझ्यासाठी राखून ठेवते. मला ऐकवून तिचं समाधान होत नाही.

माझं काम बदललंय. दवाखान्यातल्या सोनोग्राफीच्या खोलीतून मला एका पाहणीवर पाठवलंय. या भागातल्या मोठ्या माणसांत किती जणांच्या लिव्हरमध्ये चरबी साठलीय, ते बघायचं. चिठ्ठ्या काढून घरं निवडली आहेत. पण दिवसाच्या शेवटी कुणी आपणहून आलं तर त्यालाही परत पाठवत नाही. जागा मिळालीय ती एका बंद पडलेल्या बँकेची, आणि त्यातही तिजोरीची खोली, कारण तिला खिडकी नाही आणि आम्हाला अंधार लागतो. दार हातभर जाड आहे. कुलूप काढून टाकलंय तरी आत येताना प्रत्येक माणूस एकदा मागे वळून बघतोच.

बाहेर नोंदणीला दवाखान्यातल्या एक मावशी बसतात. नाव, वय, वजन विचारतात आणि शेवटी आवाज खाली आणून "पिता का?" विचारतात. नाही म्हणणाऱ्याकडे त्या जशा बघतात ते तुला दाखवायला हवं. तू ओळखशील ते बघणं.

आता नीट वाच. निरोगी लिव्हर आणि त्याच्यामागची किडनी पडद्यावर साधारण एकाच करड्या रंगाची दिसतात. लिव्हरमध्ये चरबी भरली की ते पांढरं होतं आणि मागची किडनी काळी पडते. फार भरली असेल तर यंत्र सोडतं तो आवाज आत पोचतच नाही, खालचं सगळं धुक्यात जातं. दादा, इथे दर तिसरा माणूस पांढरा आहे. बसचे ड्रायव्हर, शिक्षिका, शिंपी, काडीसारखी बारीक पोरगी. निम्म्याअधिक जणांनी दारूचा वाससुद्धा घेतलेला नाही. आणि सगळे खाटेवरून उठताना एकच वाक्य बोलतात, की मला तर काहीच होत नाही. तिजोरीत आवाज घुमतो, त्यामुळे माणूस गेल्यावरही ते वाक्य जरा वेळ आत राहतं.

माझं म्हणशील तर मी ठणठणीत. शिकताना वर्गात निरोगी लिव्हरचा नमुना म्हणून माझंच पोट असायचं, आठवतं? सर म्हणायचे, पुस्तकात छापावं असं आहे. त्यांचीच शिकवण की यंत्र सकाळी आधी स्वतःला लावून बघावं. म्हणून रोज लोक यायच्या आधी मी खाटेवर आडवी होते, फासळ्यांखाली गार जेल लावते आणि यंत्राचा हातात धरायचा प्रोब टेकवते. यंत्राला चित्राचा उजेड कमीजास्त करायच्या सरकत्या पट्ट्या आहेत, वरच्या पट्ट्या पोटाच्या वरच्या थरासाठी, खालच्या खोलातल्यासाठी. माझं लिव्हर आणि माझी किडनी एकसारखी करडी दिसेपर्यंत त्या सरकवायच्या, मग मावशींना हाक मारायची. साऱ्या गावाची लिव्हरं माझ्या लिव्हरवरून ठरतात. एवढा मान घरात मला कधी मिळाला नव्हता.

बाबांचं नाव इतका वेळ टाळलं, पण तुला कळलंच असेल. त्यांचं लिव्हर गेलं तेव्हा डॉक्टरांनी त्यांना विचारलं होतं, किती वर्षं पिता? बाबा म्हणाले, थेंबही नाही. डॉक्टर हसले, आणि तू त्या हसण्यावर विश्वास ठेवलास. त्या रात्री ताटावरून उठलास तो उठलासच. एकदा कुठेतरी सोनोग्राफी करून घे. तू त्यांचाच मुलगा आहेस.

तुझी,
ठमी


२० मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक. मला सवय आहे, मी दिवसभर न बोलणाऱ्या अवयवांशीच बोलते.

इथे काहीतरी विचित्र चाललंय आणि सांगायला तुझ्याशिवाय कुणी नाही. पांढरी माणसं कमी होतायत. फेब्रुवारीत दर तिसरा होता. मार्च लागला तेव्हा पाचात एक. आता तर अख्खी सकाळ जाते आणि एखादाच सापडतो. गाव तेच आहे. कोपऱ्यावरच्या बेकरीसमोर तीच गर्दी, तेच ड्रायव्हर, तेच दिवसभर खुर्चीत बसणारे कारकून. खातात तेच, बसतात तसेच, आणि आतून मात्र एकेक जण स्वच्छ होत चाललाय.

मोठे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात. त्यांनी आकडे बघितले आणि म्हणाले, आधीच्या गल्ल्या वाईट असतील, या चांगल्या. मावशींना ते पटलं नाही. त्या मला म्हणाल्या, "बाई, या खोलीत येऊनच लोक बरे होतायत की काय? माझं तर अंग शहारतं." मी हसले. पण नंतर तिजोरीत एकटी बसले तेव्हा मलाही बरं वाटेना.

कारण चित्रंही सारखी दिसायला लागलीत. पूर्वी माणसामाणसात फरक असायचा. आता एक उठतो, दुसरा आडवा होतो, आणि पडद्यावर तेच शांत करडं लिव्हर. परवा एका म्हाताऱ्या गृहस्थांना मी विचारलं, तुम्ही सकाळी येऊन गेलात ना? ते घाबरले. सकाळी मी स्वतःचं चित्र गोठवून ठेवते ते पहिला माणूस येईपर्यंत पडद्यावर असतं. काल एक बाई आडवी व्हायच्या आधीच त्याकडे बोट करून म्हणाली, हे माझं का? मी नाही म्हणाले. मग तिला प्रोब लावला, आणि हुबेहूब तेच आलं.

यंत्र म्हातारं झालंय, हे एक आहे. पट्ट्या रोज केसभर सरकवल्याशिवाय माझं चित्र जागेवर येत नाही. दुरुस्तीवाल्याला निरोप धाडलाय, तो येईल तेव्हा येईल. म्हातारी मीही होतेय. दिवसभर बसणं आणि मावशींची बिस्किटं, जुने कपडे एकही धड बसत नाहीत. आई म्हणते, अंग धरलंस, बरं दिसतं.

रविवारी बाबांच्या सोनोग्राफीची जुनी फिल्म काढली. खिडकीच्या काचेला लावून बघितली. तेव्हा मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. आता कळतं. बाबांच्या लिव्हरच्या उजव्या टोकाला खाली एक निमुळता भाग आहे, जिभेसारखा. असतो तो काही लोकांना, त्याने बिघडत नाही. पण बाबांचा टोकाशी जरासा आत वळलाय. माझाही तसाच वळलाय. मी इतक्या लोकांची पोटं पाहिली, तसं वळलेलं टोक दुसरं पाहिलं नाही. आई बघायला आली आणि म्हणाली, जीभ आहे तर बोलत का नाही. मग तिचं तीच आत निघून गेली.

आमची जागा आणि वेळ पत्राच्या मागे लिहितेय. येशील म्हणून नाही. लिहून ठेवायची मला सवय आहे.

ठमी


९ मे

दादा,

काल तू आलास.

मी माणसांचे चेहरे बघत नाही, हे तुला माहीत नसणार. अंधारात कोणीतरी आत येतं, शर्ट वर करतं, आडवं होतं आणि मी पडद्याकडे बघत राहते. दिवसाचा शेवटचा माणूस होता. मावशींनी बाहेरून सांगितलं की आपणहून आलाय, घ्या. मी जेल लावलं, "श्वास घ्या, धरा," म्हणाले. प्रोब खाली आणला आणि ती जीभ दिसली. टोकाला आत वळलेली. दादा, क्षणभर वाटलं, बाबाच येऊन निजलेत. मग तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं. दाढी पांढरी झालीय तुझी. डोळे मिटलेले होते, पण पापण्या हलत होत्या, लहानपणी झोपेचं सोंग घ्यायचास तशा.

मी बोलले नाही, कारण बोलले असते तर तू उठला असतास. तूही बोलला नाहीस. मावशींकडे भलतंच नाव दिलंस, ते मी नंतर पाहिलं. नाव घ्यायचंच होतं तर जरा बरं घ्यायचंस.

मग तू डोळे न उघडता विचारलंस, "न पिणाऱ्याचंही लिव्हर जातं?"

मी म्हणाले, "जातं."

"आणि माझं?"

मी मन लावून बघितलं. लिव्हर करडं, किडनी करडी, एकसारखी. माझ्यासारखंच. लिव्हरच्या कडेला एका ठिकाणी किंचित लाटा वाटल्या, पण तुझा श्वास हलला असेल, मी तेवढ्यावर अडले नाही. मला इतका आनंद झाला होता की डोळ्यांपुढचं नीट दिसेना. म्हणाले, "स्वच्छ आहे. सगळं ठीक आहे."

तू उठलास, पोट पुसलंस, शर्टाची बटणं लावलीस आणि म्हणालास, "मग बरोबरच होतं." आणि निघून गेलास.

ते काय बरोबर होतं, हे मला घरी जाताना रस्त्यात कळलं. तू कधी प्यायला नाहीस. तुझं अंग बाबांचं, खाणं बाबांसारखं, बसून करायचं कामही तेच. तरी तुझं लिव्हर स्वच्छ. म्हणजे तुझ्या हिशेबाने बाबांचं गेलं ते दारूनेच. म्हणजे ते खोटं बोलले. तू तपासायला आला नव्हतास, निकाल पक्का करून घ्यायला आला होतास. आणि तो मीच माझ्या तोंडाने दिला.

तू ठणठणीत आहेस याचा मला आनंद आहे. खरंच आहे. पण रात्री आईने विचारलं, आज गप्प का, तर मला तिच्याकडे बघवेना.

आणखी एक. काल दिवसभरात एकही पांढरं लिव्हर निघालं नाही. एकही नाही. मावशींनी आज नोंदणीचं टेबल दारापासून लांब सरकवून घेतलंय. म्हणतात, आतून गार झुळूक येते. त्या खोलीला खिडकी नाही.

ठमी


२६ मे

दादा,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या वाच, आणि अर्ध्यावर फाडू नकोस.

काल दुरुस्तीवाला आला. यंत्राकडे बघून त्याने कपाळाला हात लावला. म्हणाला, "हे कुणी केलं? वरच्या सगळ्या पट्ट्या एका टोकाला, खालच्या दुसऱ्या. असं कुणी ठेवतं का?" मी सांगितलं, रोज केसभर सरकवावं लागतं, तुमचं यंत्र म्हातारं झालंय. त्याने आतलं सगळं तपासलं. यंत्र उत्तम आहे, म्हणाला. पट्ट्या एका ओळीत आणून ठेवल्या आणि म्हणाला, आता बघा.

मी सवयीने आडवी झाले आणि प्रोब टेकवला.

पडदा पांढरा झाला. मागे किडनी काळी, कोळशासारखी. त्याच्या खाली काहीच नाही, धुकं. मी म्हणाले, तुम्ही बिघडवून ठेवलंत. तो बिचारा शर्ट वर करून खाटेवर झोपला. त्याला लावला. करडं, करडं, एकसारखं. सरांच्या वर्गात दाखवावं असं. पुन्हा मला लावला. पांढरं. तिसऱ्यांदा त्यानेच प्रोब धरला. तेव्हाही पांढरंच.

तेव्हा कळलं, गाव कसं बरं झालं ते. माझंच लिव्हर महिन्यामहिन्याने पांढरं होत होतं, कदाचित पाहणी सुरू व्हायच्या आधीपासूनच, आणि मी रोज सकाळी यंत्राला सांगत होते की हेच निरोगी समज. वरचा उजेड कमी, खालचा जास्त, रोज थोडा थोडा, माझं मला चांगलं दिसेपर्यंत. मग जो कोणी माझ्याइतका किंवा माझ्याहून कमी पांढरा असेल, तो स्वच्छ. मी शिक्का मारून त्याला घरी पाठवत होते. नमुन्याचं लिव्हर म्हणून इतकी वर्षं मिरवलं, त्यामुळे शंका यंत्रावर आली, स्वतःवर आली नाही.

मग बाहेरच्या रांगेतली माणसं घेतली. पहिली बाई पांढरी. दुसरा पांढरा. मग एक बरा, मग लागोपाठ पांढरे. प्रत्येक जण उठताना म्हणाला, मला तर काहीच होत नाही. फेब्रुवारीपासून ती सगळी माणसं बाहेर तशीच फिरत होती, बेकरीत, बसमध्ये, माझ्या शेजारी. कमी कुणीच झालं नव्हतं. मला दिसायचं तेवढं बंद झालं होतं.

आता तुझं. तुझं चित्र मला हुबेहूब माझ्यासारखं दिसलं होतं ना? म्हणजे तुझंही माझ्याइतकंच पांढरं आहे, दादा. आणि कडेच्या त्या लाटा श्वासाच्या नव्हत्या, लिव्हर कडक होऊ लागलं की त्याची कड अशी लाटेसारखी होते. मी तुझं साठवलेलं चित्र आज पुन्हा काढून बघितलं. श्वास तू नीट धरला होतास, चित्र कुठेही हललेलं नाही. बाबांच्या फिल्मवर अशाच लाटा आहेत. तुझ्या बारीक आहेत, त्यांच्या मोठ्या होत्या.

मी तुला खोटं सांगितलं. सगळं ठीक नाही.

ठमी


२ जून

दादा,

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, पुन्हा पहिल्यापासून. रागावले असते तर बरं झालं असतं. फेब्रुवारीपासूनच्या सगळ्यांना परत बोलावतोय. काही हसत येतात, काही भांडत येतात. एक शिंपी म्हणाला, तुम्हीच स्वच्छ म्हणालात म्हणून मी निर्धास्त झालो होतो. त्याला मी पुन्हा खाटेवर आडवं व्हायला सांगितलं. आता सकाळी यंत्र माझ्यावर लावत नाही. पट्ट्यांच्या ओळीवर दुरुस्तीवाल्याने चिकटपट्टी लावून दिलीय. दर तिसरा माणूस पुन्हा पांढरा निघतोय.

आईला कालपर्यंत सांगितलं नव्हतं. तू गेल्यावर ती काय करायची, हे तुला माहीत नाही. बाबांचा पाण्याचा पेला रोज संध्याकाळी उचलून हुंगायची. त्यांच्यासमोर नाही, मोरीत नेऊन. बाबांना ते माहीत होतं. पाणी पिऊन झालं की पेला ते आपणच तिच्या हातात द्यायचे. शेवटच्या दिवसापर्यंत हे चाललं.

काल मी तिला बाबांची फिल्म दाखवली, माझी दाखवली, आणि तुझी. तिन्ही एकाच काचेवर लावल्या. तिन्हींत ती जीभ, टोकाला आत वळलेली. बाबांचं आणि माझं पांढरं, तुझं त्या दिवशीच्या चुकीच्या पट्ट्यांमुळे करडं उमटलंय, पण ते माझ्याइतकंच भरलेलं आहे हे तिला सांगितलं. मी म्हणाले, आई, मी पीत नाही. दादा पीत नाही. तरी बघ.

तिने तिन्ही टोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मग इतकी वर्षं मी काय हुंगत होते?"

ती मोरीत गेली. बाबांचा तो पेला अजून फळीवर आहे, कुणी वापरत नाही. तिने तो घासला, पाणी भरलं आणि टेबलावर बाबांच्या जागी ठेवला. आज सकाळी बघितलं तर रिकामा होता. मी प्यायले नाही. आई म्हणते, तिनेही नाही. मी पुढे विचारलं नाही.

दादा, तुझं अजून हातातलं आहे. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, बहीण काय, रडून काहीही सांगेल. मोठ्या डॉक्टरांना चित्र दाखवूनच सांगतेय. तुझ्या लाटा बारीक आहेत. चरबी उतरते, वजन उतरवलं की उतरते, आणि लिव्हर बऱ्याच अंशी पुन्हा सावरतं. बाबांचं सावरलं नाही, कारण आपण सगळे बाटली शोधत बसलो आणि आत कुणी बघितलंच नाही. मलाही तेच करायचंय, मावशींची बिस्किटं बंद केलीत, त्या माझ्यावर रुसल्यात.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. शेवटच्या दिवशी बाबांना फारसं भान नव्हतं. पाणी मागितलं नाही, देवाचं नाव घेतलं नाही, माझंही घेतलं नाही. फक्त विचारलं, "तो जेवून गेला का?" मी हो म्हणाले. मी त्यांच्याशी खोटं बोलले तेवढंच.

रोज दिवसाचा शेवटचा नंबर मी तुझ्यासाठी रिकामा ठेवतेय. मावशींना सांगून ठेवलंय, भलतं नाव सांगणारा पांढऱ्या दाढीचा माणूस आला तर काही विचारू नका, आत पाठवा. तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. मी चेहरा बघणार नाही. मला ती वळलेली जीभ दिसली की पुरे.

तपासायचं असलं की पोट रिकामं लागतं, तेव्हा सकाळपासून काही खाऊ नकोस. झालं की घरी जाऊ. आई ताट वाढून ठेवते म्हणालीय, तुझं अर्धवट राहिलेलं.

तुझी,
ठमी